आगोटीचा संसार

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही काही ऐतिहासिक लिहून द्यावे, असा मंडळाच्या चिटणीसांनी आग्रह धरला. आमच्या किनाऱ्याचा इतिहास म्हटला की सरखेल कान्होजी आंग्रे, जंजिऱ्याचे सिद्दी आणि रेवदंड्याचे पोर्तुगीज डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यांच्याविषयी अधिकारी विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे आणि आम्ही तर केवळ मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. तेव्हा त्या मोठ्या दालनात न शिरता आम्ही माजघरात शिरावे, असे ठरविले. गेल्या चैत्रात जुन्या घराचे छप्पर उतरविताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. तीत आमच्या आजीने जपलेल्या सरकारी पावत्या, वडिलांच्या मनीऑर्डरींची कूपने आणि आईची हिशेबाची वही निघाली. हा लेख त्या पेटीचा आहे.

आगोट हा शब्द आता तरुण मंडळींना सांगावा लागतो. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. आणि त्या वेळी घरात जे भरून ठेवायचे तेही आगोटच. ज्येष्ठात ओहोळ भरले, वाटा चिखलात गेल्या आणि मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारले, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत घरात असेल त्यावर दिवस काढणे भाग असे. म्हणून वैशाख हा आमच्याकडे लग्नांचा महिना तितकाच साठवणीचा. भाताची कणगी शेणाने सारवून, तोंड लिंपून बंद करावयाची. कडवे वाल राख चोळून मडक्यात. वलांडीवर वाळविलेले बोंबील, सुकट, जवळा आणि खारविलेला बांगडा चुलीच्या वर टांगलेल्या टोपलीत, म्हणजे धुराने कीड लागत नसे. पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला. मिरची कुटून मसाला बरणीत. शेणी, करवंट्या, सोडणे, वाळलेली चुडते पडवीत रचलेली. वाचक म्हणतील, यात इतिहास कोठला? पण बाजारातून उचल न करता चार महिने निघणे, यावर त्या घराचे स्वातंत्र्य अवलंबून असे. ज्याची आगोट अपुरी पडे, तो श्रावणात सावकाराच्या ओटीवर जाई. श्रावणात घेतलेल्या मणाचे पीक निघाल्यावर दीड मण, कोठे त्याहूनही अधिक, होत असे. सावकाराला नियमात बांधणारा कायदा मुंबई सरकारने १९४६ साली केला. तोवर, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही पुष्कळ दिवस, भरलेली कणगी हाच गरिबाचा कायदा होता.

या काटकसरीची खरी कसोटी लागली ती चरीच्या संपात. आमचे मूळ गाव त्या २५ गावांपैकी एक. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि खोतांची जमीन कसायची नाही, असा निश्चय झाला. नेते नारायण नागू पाटील. मागणे साधे होते : कुळाची कूळ म्हणून नोंद व्हावी, वाजवीहून अधिक खंड घेऊ नये, वेठ व इतर उकळण्या बंद व्हाव्यात. पीक हातचे येताच खोताचे माप भरावे आणि उरलेल्यावर वर्ष काढावे, ही पिढ्यांची रीत एका सभेने थांबली. पण जमीन कसायची नाही म्हणजे खोताला खंड नाही, तसा आपल्यालाही दाणा नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे! शेतकऱ्यांचा इतका प्रदीर्घ संप आपल्या देशात दुसरा झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमची आजी त्या वेळी एकोणीस वर्षांची, पदरी एक वर्षाचे मूल, म्हणजे आमचे वडील. ती संपाविषयी बोलू लागली की सभा किंवा भाषणे तिच्या बोलण्यात फारशी येत नसत. पहाटे डोंगरावर जाऊन लाकडे तोडायची, मोळी डोक्यावर घेऊन बाजारास जायचे, येताना मिळालेल्या पैशांत तांदूळ नव्हे तर कण्या घ्यायच्या, हे ती सांगे. पुरुष खाडीत चिंबोऱ्या व कोळंबी धरीत. पावसात टाकळा, भारंगी, कुरडू, करांदे यांवर पोट भरी. भात शिजविताना पेज काढून ठेवायची, ती दुपारची. दिवा जेवणापुरता, त्यानंतर चूल धुमसत असेल तेवढाच उजेड. एक गोष्ट ती नेहमी सांगे आणि आम्हांला लहानपणी तीत काही विशेष वाटत नसे. संपाच्या दुसऱ्या वर्षी घरातील एक बियाण्याचा मुडा शिल्लक होता. भाताच्या पेंढ्यात घट्ट बांधलेला तो मुडा आढ्याला टांगलेला. घरात दोन दोन वेळा चूल पेटली नाही, तरी तो कोणी खाली काढला नाही. जमीन कसायची नाही असे ठरलेले, मग बियाणे कशाला, असे आम्ही विचारले तेव्हा ती आमच्याकडे नुसती पाहत राहिली. बी खाल्ले म्हणजे आता आपण शेतकरी उरलो नाही असे कबूल केले, हा अर्थ आम्हांला पन्नाशीत उमगला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या संपास पाठिंबा दिला, १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीस येऊन गेले. १९३९ च्या कायद्याने कुळास प्रथमच काही संरक्षण मिळाले, १९४९ च्या कायद्याने खोती गेली. हे सर्व आपल्या मंडळाच्या सभांतून दरवर्षी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. आमची तक्रार एवढीच की, ज्या घरांनी सहा वर्षे पेज पिऊन हे शक्य केले, त्या घरांतील बायकांचे नाव कोणत्याच भाषणात येत नाही.

संपानंतर लगेच महायुद्ध आले. तांबे महागले म्हणून १९४३ साली सरकारने भोकाचा पैसा काढला. मुलांनी तो करदोट्यात ओवला, आणि आजीला साठवणीचे नवे साधन मिळाले. सुतळीत ६४ पैसे ओवले की एक रुपया. मोजदाद करावयास नको आणि वाजतही नसे. ती सुतळी उतरंडीच्या तळाच्या मडक्यात. उतरंड हीच त्या काळची बँक, हे सांगणे नलगे.

वास्तविक पोस्टाची बचत बँक १८८२ पासून देशात होती आणि सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालचा. पण आमच्या गावाला पोस्ट म्हणजे आठवड्यातून दोनदा येणारा पोस्टमन. तोही काही देण्यास येतो, घेऊन जाण्यास नव्हे, अशी समजूत. ती बदलली एका दुःखद घटनेने. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात उलटून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घरी निघालेले गिरणीकामगार, मासळीविक्रेत्या, कारकून. अलिबाग तालुक्यात क्वचितच एखादे गाव असेल ज्यातून त्या दिवशी आक्रोश उठला नाही. आमचे चुलत आजोबा त्या बोटीवर होते. त्यांच्या कनवटीला चार महिन्यांची शिल्लक होती, असे मागाहून त्यांच्या खोलीवरच्या सोबत्यांनी सांगितले. माणूस गेला, त्यापुढे पैशाची काय कथा? तथापि मागे राहिलेल्या चुलत आजीला तीन मुलांसह जगावयाचे होते. त्या दिवसापासून आमच्या घरात दंडक झाला : पैसा माणसाबरोबर यावयाचा नाही, तो पोस्टाने येईल.

१९५० साली वडील गिरणीत लागले. लालबागेत गावकऱ्यांची खोली होती. दहा बाय बाराची ती एक खोली. तीत नावे वीस जणांची, पण पाळ्या तीन असल्यामुळे एका वेळी सात आठच माणसे झोपत. प्रत्येकाची एक ट्रंक व एक वळकटी. भाडे वर्गणीने, जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबावर. पगाराच्या दुसऱ्या दिवशी मनीऑर्डर. पेटीत त्यांची शंभरावर कूपने आहेत. कूपनावर मजकुरास जागा दोन बोटांची. तिच्यात वडील लिहीत : ‘रु. २५ पाठविले. ५ पोस्टात टाकणे. पोराला वही.’ एवढ्या थोड्या शब्दांत प्रेम व्यक्त करणे आम्हांला चाळीस वर्षे मराठी शिकवूनही जमले नाही. ती पोरे म्हणजे आमची थोरली ताई आणि आम्ही. पण वही कोणाला, हा प्रश्न पुढे आला. त्याविषयी नंतर.

आता पावत्यांकडे वळू. १ एप्रिल १९५७ या दिवशी आमच्या घरावर एकदम दोन गोष्टी आल्या. कूळकायद्यात हा दिवस कृषकदिन ठरविलेला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. आणि त्याच दिवशी दशमान नाणी सुरू झाली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. पैकी नाण्यांचा गोंधळ आजीने आधी सोडविला. एका आण्याला सहा नये पैसे मिळत. हिशेबाने सव्वासहा व्हावयास पाहिजेत. चार वेळा सुटा आणा मोडला की चोवीस, एकदम चार आणे मोडले तर पंचवीस. म्हणून आजी चार आण्यांखाली कधी मोड घेत नसे. तिला अक्षरओळख नव्हती, पण हा अपूर्णांक तिने आठवड्यात ओळखला. आम्ही पुढे वर्गात अपूर्णांक शिकविताना हेच उदाहरण देत असू.

जमिनीचा प्रश्न इतका सोपा नव्हता. कूळ मालक झाले, पण फुकट नव्हे. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवावयाची. ती सामान्यतः आकाराच्या वीस पटींहून कमी नाही व दोनशे पटींहून अधिक नाही. ती एकरकमी किंवा वार्षिक हप्त्यांनी सव्याज भरावयाची. हप्ते थकले तर खरेदी रद्द होण्याची तलवार डोक्यावर. आमच्या दोन एकरांची किंमत ठरली ४३२ रुपये, हप्ते बारा. म्हणजे वर्षाला ३६ रुपये व वर व्याज. आजच्या वाचकांस हे हसण्यासारखे वाटेल. पण पंचवीस रुपयांच्या मनीऑर्डरीवर सहा माणसांचे घर चालविणाऱ्या बाईस दर वर्षी ठराविक दिवशी छत्तीस रुपये उभे करणे म्हणजे काय, याचा विचार करावा. आजोबा तोपर्यंत वारले होते. पहिली पावती १९६१ ची, शेवटची १९७२ ची. एकही वर्ष चुकलेले नाही.

तो पैसा कोठून आला, हे आईच्या वहीवरून कळते. आई चौथी शिकलेली होती. सासूने सांगावयाचे आणि सुनेने लिहावयाचे, असा तो हिशेब. झावळ्यांचे हीर काढून खराटे बांधले, त्याचे अमुक. अंडी विकली, अमुक. करवंदे, अमुक. नारळ सोलण्याची मजुरी. घरात अंडे असूनही ते मुलांच्या पानात पडत नसे, कारण ते हप्त्याचे असे. वहीत ‘ह’ या अक्षराने खूण केलेल्या रकमा आहेत. त्या हप्त्याच्या मडक्यात जात, आणि कितीही नड आली तरी त्यास हात लागत नसे. नड आलीच तर आजीच्या पुतळ्यांच्या माळेतील एक पुतळी गहाण जाई आणि पीक निघाल्यावर सुटून येई. सोने हे आमच्या बायकांना मिरविण्यासाठी हवे असते, असे म्हणणाऱ्यांनी ती माळ किती वेळा गेली आणि आली, हे पाहावे. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले आणि नवे दागिने चौदा कॅरटांवर जाऊ नयेत, असा नियम झाला, तेव्हा अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. आजीला हे कळल्यावर ती म्हणाली की, जमिनीच्या वेळी आले होते तेच ना हे? मग माळ तिने आणखी आतल्या मडक्यात ठेवली.

येथवर लिहिले ते गौरवाचे झाले. पण इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजू लपविता येत नाही. या काटकसरीचा भार घरात सारखा वाटलेला नव्हता. पुरुषांची पाने आधी, मुलग्यांची मग, आणि खरवड बायकांची. आमची ताई आमच्याहून चार वर्षांनी मोठी, आमच्याहून हुशार. १९६४ साली ती चौथी पास झाली. पुढची शाळा तीन मैलांवर. वह्या, पुस्तके आणि एक बरा परकर लागणार. त्या वर्षीच्या पानावर आईच्या अक्षरात नोंद आहे : ‘ताईची शाळा बंद. शिल्लक ह.’ म्हणजे ताईच्या वह्यांचे पैसे हप्त्याच्या मडक्यात गेले. आमची शाळा मात्र बंद झाली नाही. आम्ही मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि ज्या दोन एकरांचा सातबारा आज आमच्या नावे आहे, त्यात ताईच्या पाचवी ते सातवीच्या वह्या आहेत. पेटी उघडली तेव्हा ताई शेजारी बसली होती. आम्ही ती नोंद वाचून दाखविली नाही. तिने वही हातात घेऊन स्वतःच वाचली, कारण चौथीपर्यंतचे वाचन तिला उत्तम येते.

ताईची गोष्ट येथे संपत नाही. तिने सासरी जन्मभर खराटे बांधले आणि मुलाबाळांना न सांगता पैसे जमविले. घरी येऊन रोज दहा वीस रुपये घेऊन जाणारा एका पतसंस्थेचा एजंट होता. त्याच्याकडे ती भरी. ही कल्पना मूळची चांगली. १९२८ साली डॉ. टी. एम. ए. पै यांच्या उडुपीच्या बँकेने ‘पिग्मी’ नावाने ती प्रथम रूढ केली आणि दोन दोन आणे गोळा करून लक्षावधी गरिबांना बँकेची वाट दाखविली. पण ताईची पतसंस्था एके दिवशी बंद झाली. दाराला कुलूप, एजंटाचेही पैसे बुडालेले. बँकेतील ठेवीला विमा असतो, १९९३ पासून एक लाखापर्यंत व फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो. हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि मास्तर असूनही आम्हीही सांगितले नव्हते. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील किती घरे हवालदिल झाली, ते अनेक वाचकांनी स्वतः अनुभवले असेल. उतरंडीतील पैशाला व्याज नव्हते, पण उतरंड पळूनही जात नव्हती.

आईचा बँकांवर फारसा विश्वास नव्हता, तो यामुळेच की काय न कळे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्याचे दूरदर्शनवर ऐकले. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सूनबाईस वालाचा डबा आणावयास सांगितला. वालांच्या खालून तेहतीस नोटा निघाल्या, पाचशेच्या, राखेने माखलेल्या. आम्ही रांगेत उभे राहून त्या तिच्या खात्यात भरल्या. कशासाठी ठेवल्या होत्यास, असे विचारले, तर म्हणाली, हप्त्यासाठी. शेवटचा हप्ता भरून चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

आता जमिनीचेच पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी उरण, पनवेलकडील जमिनी संपादन होऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात शेतकरी गोळीबारात बळी पडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. इकडे थळला खतांचा कारखाना आला. अलिकडे मांडव्याला रो-रो बोट (२०२०) आणि शिवडी-न्हावा शेवा सेतू (जानेवारी २०२४) झाल्यावर तर गुंठ्याचे भाव ऐकून छाती दडपते. ज्या जमिनीसाठी छत्तीस रुपये जुळविताना अंडी विकावी लागली, तीच जमीन एका सहीने कोटीची होते. हा पैसा हाताळण्याची सवय आमच्या रक्तात नाही. महिन्याच्या पंचवीस रुपयांची काटकसर आम्हांस येते. एकदम आलेल्या रकमेची येत नाही, कारण ती आजीलाही कधी आली नव्हती. विकून आलेला पैसा हळदीच्या एका रात्रीत, गाडीत आणि दुमजली घरात गेला, आणि आता त्याच जागेवरच्या बंगल्यात मालक पहारा करतो, अशी उदाहरणे आपल्या ज्ञातीत आहेत. नावे घेण्याचे कारण नाही. उलट, मोबदल्यातून मुलीला डॉक्टर केलेले घरही आम्हांस ठाऊक आहे.

लांबण पुष्कळ झाली. शेवटी एक विनंती करावयाची आहे. सदस्य कुटुंबांपैकी ज्यांच्याकडे कूळकायद्याच्या हप्त्यांच्या पावत्या, मनीऑर्डरीची कूपने किंवा घरच्या बायकांच्या हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. वारसांचे व मोजणीचे तंटे पावतीवाचून सुटत नाहीत, हा एक भाग. दुसरे, मंडळाच्या कार्यालयात त्यांच्या छायाप्रती ठेवण्याची व्यवस्था चिटणीसांनी मान्य केली आहे. आमच्या पेटीतील १२ पावत्या व वही आम्ही दिवाळीनंतर नेऊन देणार आहोत. वहीवर कोणाचे नाव घालावयाचे, असे चिटणीसांनी विचारले. आजीचे व आईचे घातले आहे, आणि ताईला विचारून तिचेही.